कस्टमरने कार्बनचा एक्सेल पाठवलाय, तो भरायचा कसा? भोसरीच्या वर्कशॉपपासून घरच्या सिलेंडरपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत ३५ माणसांचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ) आणि थोडं व्हीएमसीचं (उभ्या मिलिंग मशीनचं) काम. चाकणच्या मोठ्या कस्टमरने एक्सेल पाठवून गेल्या आर्थिक वर्षाचं कार्बन उत्सर्जन स्कोप १, २, ३ असं वेगवेगळं मागितलंय, तेही तीन आठवड्यांत. सॉफ्टवेअर घ्यावं की कन्सल्टंट लावावा? आणि घरी वहिनी विचारतायत की आपल्या घराचं किती होतं तेही मोजता येईल का.

मी पुण्यात १९ वर्षं एनर्जी ऑडिट करतोय आणि त्यातली शेवटची दहाएक वर्षं कार्बनचा हिशोब हेच मुख्य काम झालंय, भोसरी, पिरंगुट, चाकण, रांजणगाव सगळीकडे तुमच्यासारखे शंभरेक शॉप पाहिलेत. तर पहिलं उत्तर, या वर्षी सॉफ्टवेअर घेऊ नका. तुमच्या साइजला एक्सेल पुरतो, आणि लागणारी निम्मी माहिती तुमच्या अकाउंटंटच्या फाईलमध्ये आत्ता पडलेली आहे.

कस्टमर हे का मागतोय ते आधी समजून घ्या, म्हणजे काय महत्त्वाचं आणि काय नाही ते कळेल. सेबीने लिस्टेड कंपन्यांपैकी सगळ्यात मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा रिपोर्ट सक्तीचा केला, त्यात स्वतःचं उत्सर्जन सांगावं लागतं आणि हळूहळू सप्लायरपर्यंत विचारणा पोचलीये. तुम्ही जो पार्ट बनवून देता त्याचा कार्बन हा त्यांच्या हिशोबात स्कोप ३ मध्ये बसतो, म्हणून हे पत्र. पुढच्या वर्षी परत येणार आणि दरवर्षी जरा जास्त खोलात विचारणार, त्यामुळे आत्ता घाईत काहीतरी आकडा ठोकून दिला तर पुढच्या वर्षी तोच आकडा तुमच्या गळ्यात येईल.

स्कोपची भानगड सोपी आहे. हे वर्गीकरण जीएचजी प्रोटोकॉलचं, म्हणजे उत्सर्जन मोजायच्या जगभर चालणाऱ्या नियमावलीचं, २००१ ला पहिल्यांदा आलं, २००४ ला सुधारलं, आयएसओ १४०६४ हे आंतरराष्ट्रीय मानक पण ढोबळमानाने तसंच चालतं. तुमच्या ताब्यातल्या वस्तूतून थेट जो गॅस हवेत जातो तो स्कोप १, म्हणजे जनरेटरचं डिझेल, स्वतःचा टेम्पो, एसीमधून गळलेला गॅस. विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप २. बाकी सगळं, म्हणजे विकत घेतलेलं मटेरियल, बाहेर दिलेलं हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग, ट्रान्सपोर्ट, कामगारांचं येणंजाणं, हे स्कोप ३, त्याच्या १५ कॅटेगऱ्या आहेत पण तुम्हाला त्यातल्या चार-पाचच लागतील.

आता कामाला लागू. आणि इथे माझा एक हट्ट आहे, आकडे रुपयांत घेऊ नका, लिटर, युनिट, किलो यातच घ्या. रुपयांवरून कार्बन काढायची पद्धत आहे, पण डिझेलचा भाव बदलला की तुमचं उत्सर्जन कागदावर बदलतं आणि शॉपमध्ये काहीच बदललेलं नसतं. पंपाची पावती असेल तर त्यावर लिटर लिहिलेले असतात, तेच घ्या.

वीज. महावितरणची एप्रिल ते मार्चची बारा बिलं काढा. बिलावर केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच असे दोन आकडे दिसले तर केडब्ल्यूएच घ्या, तेच खरे वापरलेले युनिट. एचटी (हाय टेन्शन, जास्त दाबाची वीज घेणाऱ्या) ग्राहकांचं बिलिंग २०२० पासून केव्हीएएचवर झालंय त्यामुळे लोक पैसे ज्या आकड्यावर लागलेत तोच उचलतात आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली खरी कामाला किती लागली ते) खराब असेल तर वीज आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मीटरचं रीडिंग स्वतः घेत असाल तर मल्टिप्लाइंग फॅक्टरने गुणायला विसरू नका, सीटी मीटरला (मोठा प्रवाह लहान करून मोजणाऱ्या) तो असतोच आणि बिलावर छापलेला असतो.

समजा महिन्याला १२,००० युनिट, वर्षाचे १,४४,०००. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी अथॉरिटी दरवर्षी देशाच्या ग्रिडचा कार्बन फॅक्टर प्रसिद्ध करते, फुकट डाउनलोड होतो, गेली काही वर्षं तो एका युनिटला ०.७ किलोच्या आसपास फिरतोय. तुमच्या वर्षाचा नेमका आकडा त्यांच्या फाईलमधून घ्या आणि कुठल्या व्हर्जनचा घेतला ते लिहून ठेवा. मी इथे ०.७ धरतो, म्हणजे साधारण १०० टन कार्बन डायऑक्साइड.

इथे पुण्यात हमखास एक वाद होतो. मालक म्हणतात आपल्याकडे तर कोयनेची वीज येते, पाण्याची, मग कार्बन कसला. पण २०१३ च्या शेवटी दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाला जोडला गेला तेव्हापासून सगळा देश एकाच ग्रिडवर आहे, कोयनेची वीज आणि चंद्रपूरच्या कोळशाची वीज एकाच तळ्यात पडते आणि आपण सगळे त्याच तळ्यातून उपसतो. कोयनेवर हक्क सांगायचा तर तशी वेगळी खरेदी आणि त्याचा कागद लागतो. छतावर सोलर असेल तर तिथली वापरलेली वीज शून्य धरता येते, पण जी ग्रिडला परत दिली ती वापरलेल्या विजेतून वजा करताना नीट बघा, नेट मीटरिंगच्या बिलावर इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट वेगळे असतात आणि तुमचा स्कोप २ हा इम्पोर्टवर निघतो. ओपन ॲक्सेसने, म्हणजे महावितरणऐवजी थेट दुसऱ्या उत्पादकाकडून, सोलर घेत असाल तर दोन आकडे द्यावे लागतात, एक ग्रिडच्या सरासरीने आणि एक तुमच्या करारानुसार, दोन्ही द्या, एकच सोयीचा देऊ नका.

डिझेल सरळ आहे. एक लिटर जाळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. लोकांना पटत नाही की साडेआठशे ग्रॅमच्या लिटरमधून अडीच किलोच्या वर कसं काय निघतं, तर डिझेलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो आणि वजन तिथून येतं. जनरेटरला वर्षाला १,८०० लिटर आणि टेम्पोला २,४०० लिटर धरले तर मिळून सव्वाअकरा टन. गॅस कटिंग असेल तर ॲसिटिलीनच्या प्रत्येक किलोला ३.४ किलो धरा, आणि सीओटू वेल्डिंगच्या सिलेंडरमधला गॅस तर जसाच्या तसा हवेत जातो, किलोला किलो.

एसीच्या गॅसकडे मात्र थांबा, कारण मी पाहिलेल्या दहापैकी आठ शॉपमध्ये हा आकडा कोरा असतो. सीएमएमच्या (पार्टची मापं तपासणाऱ्या मशीनच्या) रूमचा एसी चोवीस तास चालतो, मशीनचे पॅनल कूलर आहेत, ऑफिसचे दोन-तीन स्प्लिट आहेत. मेकॅनिक येतो, गॅस टॉप-अप करतो, बिलावर लिहितो ‘एसी सर्व्हिसिंग’, झालं. आता आर-४१०ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २,००० पट तापवतो. म्हणजे वर्षात ३ किलो गॅस भरला तर ६ टन, तुमच्या टेम्पोच्या अख्ख्या वर्षाच्या डिझेलइतकं! आणि जेवढा भरला तेवढा आधी गळलेला आहे, दुसरीकडे कुठे जाणार? आर-३२ असेल तर साधारण ६७५ पट, म्हणजे बराच कमी. जुन्या एसीत आर-२२ असेल तर तो जीएचजी प्रोटोकॉलमध्ये स्कोपच्या बाहेर वेगळा दाखवतात, कारण तो ओझोनच्या थरासाठीच्या मॉन्ट्रियल करारातला गॅस आहे. तुमच्या मेकॅनिकला आजच फोन करा आणि सांगा की इथून पुढे बिलावर गॅसचं नाव आणि किलो लिहायचे, नाहीतर पैसे नाहीत. एवढ्या एका फोनने पुढच्या वर्षीचा हिशोब सुधारतो.

आतापर्यंत बेरीज झाली ११७-११८ टन. बहुतेक लोक इथे थांबतात, स्कोप ३ मध्ये कामगारांच्या दुचाकी लिहितात आणि पाठवून देतात. पण खरा डोंगर अजून आलेलाच नाही.

तो आहे तुमच्या गेटवर उतरणारा बार, म्हणजे ज्यातून पार्ट कापता तो पोलादाचा दांडा. वर्षाला ४०० टन स्टील बार घेत असाल असं धरू. भारतात एक टन पोलाद बनवायला सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तुमचं मटेरियल १,००० टन! वीज, डिझेल, एसी सगळं मिळून त्याच्या बारा टक्क्यांच्या आत. म्हणून मी म्हणतो मेहनत आकड्याच्या मापात करा, कामगारांच्या दुचाकींचं मायलेज काढण्यात आठवडा घालवू नका, तोच आठवडा मिलच्या मागे लागण्यात घालवा.

मिलकडून काय मागायचं? तुम्हाला टेस्ट सर्टिफिकेट येतंच, हीट नंबरसकट (वितळवलेल्या बॅचचा नंबर), त्यांना विचारा की या ग्रेडचा टनामागे कार्बन किती. मोठ्या मिलकडे आता हा आकडा असतो, डीलरमार्फत माल घेत असाल तर तो म्हणेल माहीत नाही, मग बिलावरच्या मिलचं नाव बघून थेट मेल करा. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या जाहीर केलीये, टनाला २.२ टनांच्या खाली असेल तर ग्रीन, २.० ते २.२ ला तीन स्टार, १.६ ते २.० ला चार, आणि १.६ च्या खाली पाच स्टार. सप्लायरशी बोलायला ही भाषा सोयीची पडते. एक सावधगिरी, इंडक्शन फर्नेसचा (विजेच्या भट्टीचा) माल म्हणजे भंगारापासून बनलेला, म्हणजे कमी कार्बनचा, असं परस्पर धरू नका. त्यात स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता काढलेलं लोखंड) किती पडलंय ते विचारा, आपल्याकडे बरंचसं स्पंज आयर्न कोळशावर बनतं आणि आकडा वर चढतो.

आता याच्या पोटातली गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. ४०० टन बार आला आणि पार्ट गेले २६० टनांचे, तर १४० टन चिप्स (कापताना निघालेले तुकडे) झाल्या. त्या चिप्ससाठी ३५० टन कार्बन आधीच मिलमध्ये जळून गेलाय, तुमच्या वर्षभराच्या विजेच्या साडेतीनपट. भंगारवाल्याला चिप्स विकल्या म्हणून तो वजा करायचा नाही, त्याचा फायदा पुढे जो त्या वितळवून वापरेल त्याच्या हिशोबात जातो. म्हणून मी शॉपमध्ये गेलो की हल्ली कॉम्प्रेसरच्या आधी बार कटिंगचा सॉ बघतो, पार्टिंगला (पार्ट कापून वेगळा करायला) किती जादा मटेरियल सोडलंय, एंड पीस किती लांबीचा फेकला जातो, जो पार्ट फोर्जिंगमधून किंवा ट्यूबमधून निघाला असता तो सॉलिड बारमधून का काढतोय. डिझाइन कस्टमरचं असतं हे मान्य, पण आता कस्टमरच कार्बन विचारतोय ना, मग त्याला आकड्यासकट सांगायला हीच वेळ आहे, पूर्वी तुमचं कोणी ऐकलं नसतं.

आणि भोसरीत अर्धं काम लेबर जॉबचं असतं, म्हणजे मटेरियल कस्टमरचं, आपलं फक्त मशीनिंग. तसं असेल तर ते स्टील कस्टमरने स्वतःच्या खरेदीत धरलेलं असतं, तुम्ही परत धरलंत तर त्याच्याच रिपोर्टमध्ये ते दोनदा येईल. चलनावरून दोन्ही वजनं वेगळी काढा आणि एक्सेलच्या रिमार्कमध्ये स्पष्ट लिहा, मटेरियल कस्टमरचं, इतके टन, आमच्या बेरजेत नाही. हे न लिहिल्यामुळे झालेले गोंधळ मी खूप पाहिलेत.

बाहेर दिलेलं हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग हे स्कोप ३. त्या लोकांकडे आकडा नसतो, त्यांना कार्बन विचारूच नका, किलोमागे किती वीज किंवा किती गॅस लागतो तेवढं विचारा, भट्टीवाल्याला ते तोंडपाठ असतं कारण त्याचा रेटच त्यावर ठरतो. कामगारांच्या येण्याजाण्याला जेवणाच्या सुट्टीत एक कागद फिरवा, गाडी कुठली, रोज किती किलोमीटर, बस की बाइक, एका दिवसाचं काम आहे. कंपनीची स्वतःची बस असेल तर मात्र तिचं डिझेल स्कोप १. विजेचा लाइन लॉस स्कोप ३ च्या तिसऱ्या कॅटेगरीत जातो, कस्टमरने विचारला असेल तरच भरा.

माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. काही वर्षांपूर्वी पिरंगुटच्या एका कारखान्याचा हिशोब मी केला होता, स्कोप १ जवळजवळ निम्म्यावर आला होता, मालक खूश, त्यांनी कस्टमरच्या मीटिंगमध्ये स्लाइड दाखवली. पुढच्या वर्षी डेटा घ्यायला गेलो तर स्टोअरच्या माणसाने सहज सांगितलं की गेल्या वर्षीपासून जनरेटरचं डिझेल कॉन्ट्रॅक्टर आणतो, आपल्या रजिस्टरला येत नाही. जनरेटर तेवढाच चालत होता. उत्सर्जन कमी झालंच नव्हतं, फक्त पावती दुसऱ्याच्या नावावर गेली होती. मी जनरेटरचा अवर मीटर बघितला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. आम्ही कस्टमरला पत्र लिहून आकडा दुरुस्त केला, मालकांना ते फार जड गेलं आणि मलाही. तेव्हापासून प्रत्येक मोठा आकडा मी दोन बाजूंनी तपासतो. डिझेलचे लिटर एकीकडून, जनरेटरचे तास आणि युनिट दुसरीकडून, एका लिटरला साधारण तीन ते साडेतीन युनिट निघतात, दोन्ही जुळत नसतील तर कुठेतरी पाणी मुरतंय. तसंच स्टीलची खरेदी एकीकडून आणि पार्टचं वजन अधिक विकलेल्या चिप्स दुसरीकडून.

युरोपला माल जातो का तेही बघा, थेट किंवा कस्टमरमार्फत. नट-बोल्ट, स्क्रू, पोलादी पाईप फिटिंग अशा वस्तू सीबीएएममध्ये, म्हणजे युरोपच्या आयातीवरच्या कार्बन शुल्कात, येतात, ऑक्टोबर २०२३ पासून रिपोर्टिंग सुरू झालं आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा सुरू झालाय. तिथे टनामागचा आकडा लागतो आणि मिलचा आकडा धरूनच लागतो, अंदाज फार काळ चालत नाही. त्या वेळी मात्र कन्सल्टंट लावा, तिथे पैसे वाचवू नका.

झाडांबद्दल पण लोक विचारतात, आम्ही दिघीच्या टेकडीवर २०० झाडं लावली ती वजा करू का. झाडं लावा, जगवा, पण या बेरजेतून वजा करू नका, नियमाप्रमाणे उत्सर्जन आधी पूर्ण दाखवायचं असतं आणि बाकीच्या गोष्टी त्याच्या बाहेर वेगळ्या लिहायच्या.

आता वहिनींचा प्रश्न, आणि तो अजिबात बाजूला टाकण्यासारखा नाही. घरी तर जास्त सोपं आहे. विजेचे महिन्याला १८० युनिट धरले तर वर्षाला दीड टन. १४.२ किलोच्या सिलेंडरमधून ४२ किलो निघतात, वर्षाला नऊ सिलेंडर म्हणजे ३८० किलो. पाईप गॅस असेल तर बिलावरच्या एका एससीएमला (घनमीटरला) दोन किलोच्या जवळपास. पेट्रोल लिटरला २.३ किलो, दुचाकीला महिन्याला १२ लिटर आणि कारला ४० लिटर धरले तर दोन्ही मिळून १.४ टनांच्या पुढे. सोसायटीची लिफ्ट, पाण्याचा पंप यांचं कॉमन बिल फ्लॅटच्या संख्येने भागून मिळवा, आणि बाणेर-वाघोलीकडे राहत असाल तर उन्हाळ्यातल्या टँकरचं डिझेलही त्यात असतं, ते कुणीच मोजत नाही. पुणे-दिल्ली विमानाने एकदा जाऊन आलं की माणशी दोनशे किलोच्या वर, म्हणजे चौघांची एक ट्रिप दोन वर्षांच्या स्वयंपाकाच्या गॅसइतकी पडते. हे पाहून घरी लोक गप्प होतात, कारण आपलं सगळं लक्ष गॅस आणि दिव्यांवर असतं.

इलेक्ट्रिक स्कूटरला शून्य लिहू नका. युनिटला तीसेक किलोमीटर जाते, चार्जिंगमधला लॉस धरून किलोमीटरला साधारण २५ ग्रॅमच्या आसपास पडतं, आणि ४५ चं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल स्कूटरला ५१ ग्रॅम. म्हणजे निम्मं, आणि ग्रिड सुधारेल तसं तेही उतरेल. खाणं, कपडे, घराचं सिमेंट यांचे आकडे घरी बसून नीट निघत नाहीत, तुमच्या बेरजेत ते नाहीत एवढी नोंद करून ठेवा. ओल्या कचऱ्याचं तेवढं बघा, कचरा डेपोत ढिगाखाली कुजला की त्यातून मिथेन निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट आहे, सोसायटीत खत नीट हवा लागून होत असेल तर त्यातला बराचसा टळतो.

परत एक्सेलकडे. तीन आठवडे आहेत, तर पहिला आठवडा बिलं आणि गॅसच्या नोंदी, दुसरा स्टीलची वजनं आणि मिलला मेल, तिसऱ्यात भरणं आणि तपासणं. मिलचं उत्तर वेळेत आलं नाही तर टनाला २.५ धरा आणि शेजारच्या कॉलममध्ये लिहा, ‘देशाच्या सरासरीवरून, मिलचा आकडा मागितला आहे’. मोजलेलं किती आणि अंदाजाने किती हे प्रत्येक ओळीत वेगळं ठेवा, कस्टमरच्या टीमला असा एक्सेल आला की त्यांचे उलटे प्रश्न कमी होतात. एकूण टनांच्या खाली एक ओळ अजून टाका, चांगल्या पार्टच्या टनामागे किती, कारण पुढच्या वर्षी ऑर्डर वाढली तर एकूण आकडा वाढणारच आणि तेव्हा ही ओळच तुमची बाजू मांडेल.

आणि येत्या गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालू करून अर्धा तास मीटर बघा. हवा कुठेच वापरात नसताना तो किती वेळा लोड होतो (हवा भरायला लागतो) ते लिहून मला कळवा, कॉम्प्रेसर किती एचपीचा आहे तेही सांगा, मग गळतीत किती युनिट जातायत त्याचा हिशोब करून देतो.